अनभिष्वंग : गीतेतला आईबाबांसाठीचा शब्द



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ९. (काही प्रतींत अध्यायाच्या सुरुवातीचा अर्जुनाचा प्रश्नही मोजतात. तिथे हाच श्लोक १० वा येतो.)

या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगत आहेत. आजचा श्लोक थेट आपल्या घरात शिरतो. मुलं, जोडीदार, घर वगैरेंच्या बाबतीत असक्ती आणि अनभिष्वंग हवा. आणि मनासारखं होवो किंवा मनाविरुद्ध, चित्त सम राहावं.

पहिल्यांदा वाचलं की प्रश्न पडतोच : म्हणजे मुलांवर प्रेम करायचं नाही का? शंकराचार्यांनी भाष्यात 'अभिष्वंग' उलगडून सांगितलाय. दुसऱ्याशी इतकं एक होऊन जाणं, की तो सुखी तर मीच सुखी, तो दुःखी तर मीच दुःखी. म्हणजे प्रेमाला इथे कुठेच मनाई नाही. सोडायचं आहे ते 'तो म्हणजेच मी' हे समीकरण.

या शब्दाचा अभ्यास करायला सध्या मला एक छान जागा मिळालीय : स्विमिंग पूल. नॉर्दर्न व्हर्जिनियात उन्हाळ्यात कॉलन्यांच्या पूलच्या टीम्स एकमेकींविरुद्ध पोहतात. ही लीग १९५६ पासून चालू आहे आणि आज त्यात शंभराहून जास्त पूल आहेत. जून-जुलैतल्या शनिवारी सकाळी मुलांच्या दंडावर मार्करने इव्हेंट आणि लेनचे आकडे लिहिलेले असतात आणि कोच सोडले तर बहुतेक कामं पालकच करतात. माझी आठ वर्षांची लेक टीममध्ये आहे, म्हणून माझ्या गळ्यात स्टॉपवॉच.

टायमरचं काम साधं असतं. स्टार्टचा दिवा चमकला की बटण दाबायचं, पोहणाऱ्याचा भिंतीला स्पर्श झाला की परत दाबायचं. शेवटी काठावरून वाकून सरळ खाली भिंतीकडेच बघायचं. त्या वेळी ओरडून प्रोत्साहन देत बसलं तर वेळ चुकते. एका लेनला तीन टायमर असले, तर तिघांच्या वेळांमधली मधली वेळ धरतात. पाण्यात कुणाचं मूल आहे, आपल्या टीमचं की समोरच्या, याने बोटाला काही फरक पडता कामा नये. लक्ष पूर्ण, मालकी शून्य. अनभिष्वंगाची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

एका शनिवारी लेकीची २५ मीटर ब्रेस्टस्ट्रोक होती आणि मी शेजारच्याच लेनला टायमर. ती मस्त पोहली, दुसरी आली. तेवढ्यात पंचांचा हात वर गेला. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. तिचा एकच लागला होता. डिसक्वालिफाय! निर्णय अगदी बरोबर होता. रिबन मात्र गेली.

टॉवेल गुंडाळून ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता रडेल. तिने आधी माझा चेहरा नीट बघितला आणि विचारलं, "बाबा, तू सॅड झालास का?"

तेव्हा भाष्यातलं ते वाक्य मला दुसऱ्या बाजूने दिसलं. अभिष्वंगाचं ओझं मुलाच्या अंगावरही पडतं. आठ वर्षांच्या खांद्यावर स्वतःची हार आहेच, त्यात बाबाची हारही तिनेच उचलायची?

मी म्हटलं, "नाही गं. तुला कसं वाटतंय?" मग मात्र ती रडली. चांगली पाच मिनिटं. नंतर केळं खाल्लं आणि स्वतःच कोचकडे जाऊन दोन हातांचा टच परत शिकून आली. समचित्त म्हणजे कोरडा चेहरा असं मला वाटायचं. पण आईबाबांचं चित्त सम असेल, तरच मुलाला त्यांच्यापाशी मोकळं रडता येतं.

ज्ञानेश्वरीत माउलींनी इथे वाटसरूचा दाखला दिलाय. त्याला वाटेत झाडाची सावली भेटते. तो तिच्यात विसावतो, पण ती माझीच म्हणून अडकून बसत नाही. या लीगमध्ये १८ वर्षांपर्यंतच पोहता येतं. म्हणजे आमच्या हातात जेमतेम दहा उन्हाळे. तेवढी सावली मनापासून भोगावी आणि पुढे निघावं.

आजचा अभ्यास :

१. श्लोकात 'आदि' म्हणजे 'वगैरे' हा शब्द आहे, त्यामुळे मुलं नसली तरी सुटका नाही! प्रोजेक्ट, धाकटा भाऊ, प्रमोशन... ज्याच्या निकालावर तुमचा मूड ठरतो, ते एक नाव आज वहीत लिहा.

२. आज घरी कुणाचाही निकाल कळला, तर 'किती?' च्या आधी 'तुला कसं वाटतंय?' विचारा.

३. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं नामस्मरण करा आणि ते नाव पांडुरंगाच्या पायाशी ठेवा.

पांडुरंगा, लक्ष पूर्ण देण्याची बुद्धी आम्हाला दे. मालकी तुझीच राहू दे.

उद्याचा श्लोक : अव्यभिचारिणी भक्ती. भेटूच. राम कृष्ण हरी!