मे महिन्यातील बर्फ आणि परतीचा हिशेब

मे महिन्यात डोंगर म्हटला की आपल्या बेळगावकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तापलेला कातळ, वाळलेले गवत आणि करवंदाच्या जाळ्या येतात. म्हणून सुट्टीत हिमालयात गेलेला आपला विद्यार्थी वाटेवर बर्फ दिसताच हरखून जातो. परंतु हा बर्फ कसा वागतो, हे निघण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

उदाहरणार्थ, उत्तराखंडातील चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला ही वाट घेऊ. चोपता सुमारे २,७०० मीटर, तुंगनाथचे मंदिर ३,६८० मीटर आणि चंद्रशिला सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. एका बाजूचे अंतर जेमतेम पाच किलोमीटर. हिवाळ्यात हिमवर्षाव भरपूर झाला असेल, तर मेच्या आरंभीही वरच्या टप्प्यात बर्फाचे पट्टे उरलेले असतात.

भर उन्हाळ्यात बर्फ उरतो कसा? दर १,००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरते. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापेल! त्यात पांढरा बर्फ बरेचसे ऊन परतवून लावतो. म्हणून घळींत व उत्तरेकडील उतारांवर तो शेवटपर्यंत टिकतो.

हा बर्फ दिवसभर सारखा नसतो. निरभ्र रात्रीनंतर सकाळी तो गोठून काचेसारखा निसरडा होतो, तर दुपारी मऊ पडून पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तापलेल्या खडकाच्या कडेला आणि ओढ्यावर तो खालून वितळून पोकळ होतो. तेथे आदल्या दिवशीची पावले उमटलेली दिसली, तरी आज तो भार पेलेल याची हमी नसते. उतारावरचा पट्टा ओलांडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: येथे पाय घसरला तर मी कोठे जाऊन थांबेन? खाली सपाट गवत असेल तर काठी टेकीत सावकाश जावे. कडा किंवा खडक असतील तर जाऊ नये. काळा चष्मा मात्र हवाच, कारण परावर्तित उन्हाने डोळ्यांना होणारी इजा काही तासांनी जाणवते.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा असा: पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. आपल्या वाटेवर १,३०० मीटर चढ आहे. म्हणजे सुमारे तीन तास दहा मिनिटे. हा हिशेब मोकळ्या वाटेचा. बर्फ, विरळ हवा आणि विश्रांती यांसाठी जादा वेळ धरावा, आणि परत फिरण्याची वेळ खालीच ठरवावी.

ती वेळ पाळणे मात्र कठीण जाते. दोन-तीन दिवसांचा प्रवास, साठवून खर्चलेले पैसे, शिखर समोर. मन म्हणते, एवढे आलो तर जाऊच. अर्थशास्त्रात आपण शिकतो की, जो खर्च होऊन गेला आणि परत मिळणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरावयाचा नसतो. रेल्वेचे भाडे परतलो तरी गेलेले आणि शिखर गाठले तरी गेलेलेच. तेव्हा बर्फापुढे उभे राहून निर्णय घेताना पुढचा उतार, हाताशी उरलेला वेळ आणि सोबत्यांची शक्ती एवढ्याच बाबी मोजाव्यात. त्या पुरेशा नसतील तर परत फिरावे. शिखर पुढच्या सुट्टीतही तेथेच असेल.