हिवाळी यात्रेतील वस्त्रविचार
(बल्लारपूर परिसरात कार्तिक ते माघ या काळात येणाऱ्या भाविकांसाठी)



चंद्रपूर-बल्लारपूर म्हटले की परगावच्या मंडळींना प्रथम आठवतो तो येथील कडक उन्हाळा. त्यामुळे अनेक भाविक हिवाळ्यातही अंगावरच्या एका शर्टानिशी वा साध्या सुती साडीने येथे येतात. रात्रीच्या गाडीने बल्लारशाह स्थानकावर उतरून पहाटेच्या काकड आरतीस निघाले म्हणजे त्यांना आपली चूक कळते. थंडीसाठी कोणते कपडे आणावेत, ही विचारणा कार्यालयात वारंवार होते. तिचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

येथील थंडीचे स्वरूप

हा प्रदेश समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यात येथील आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने गमावते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास असतो, तर पहाटे तो १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. उत्तरेकडील वारे वाहू लागले की तो १० अंशांच्याही खाली जातो. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते. म्हणून वस्तीपेक्षा वर्धा नदीच्या काठी आणि जंगलातील मोकळ्या जागी गारठा अधिक जाणवतो.

पहाट व दुपार यांत १५ अंशांचा फरक असल्यामुळे एकच जाड कोट येथे उपयोगी पडत नाही. तो पहाटे बरा वाटतो, दहा वाजता नकोसा होतो आणि त्यात आलेला घाम सायंकाळी अंगावर गार पडतो. त्याऐवजी चढवता-उतरवता येतील असे पातळ थर हाच येथील योग्य पोशाख होय.

ऊब येते कोठून?

वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता ते केवळ राखून ठेवते, आणि हे काम प्रत्यक्षात धाग्यांमध्ये व दोन वस्त्रांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर बहुधा अधिक उबदार ठरतात. मात्र ते अंगाला आवळून बसता कामा नयेत, कारण हवेला जागाच उरली नाही तर थरांचा लाभ मिळत नाही.

या उबेचे दोन शत्रू आहेत, वारा आणि ओलावा. वारा अडकलेली हवा उडवून लावतो. ओलावा त्याहून घातक आहे, कारण स्थिर हवेच्या तुलनेत पाणी शरीराची उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. थंडीपासून रक्षण म्हणजे प्रथम अंग कोरडे राखणे, हे सूत्र ध्यानी ठेवल्यास पुढील सर्व सूचना आपोआप समजतील.

तीन थर

पहिला थर अंगालगतचा. तो घाम शोषून बाहेर टाकणारा असावा. बारीक लोकर वा थंडीसाठी मिळणारे कृत्रिम धाग्याचे आतील कपडे उत्तम. सुती बनियन आपल्या सर्वांच्या सवयीचे आहे, परंतु सूत एकदा भिजले की लवकर वाळत नाही. सुती वापरणाऱ्यांनी दुसरे कोरडे बनियन पिशवीत ठेवावे व चालून घाम आल्यास बदलावे.

दुसरा थर उबेचा. लोकरीचा स्वेटर, शाल वा घोंगडी यांपैकी काहीही चालेल. लोकरीचे वैशिष्ट्य असे की, ती किंचित दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब टिकवते. दव पडत असताना उघड्यावर भजनास बसणाऱ्यांना जुनी घोंगडी आजही उपयोगी पडते ती यामुळेच.

तिसरा थर वारा अडविणारा. घट्ट विणीचे जाकीट वा वाऱ्यापुरता रेनकोटही पुरतो. दुचाकीवरून, उघड्या जीपमधून किंवा मालवाहू गाडीतून येणाऱ्यांना याची विशेष गरज असते, कारण वाहनाच्या वेगाने वारा अधिक झोंबतो. जाकीट नसल्यास शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पाने ठेवावीत. कागदासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात हा उपाय सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. कागद वारा अडवतो व घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो.

कानटोपी, मफलर व पायमोजे विसरू नयेत. मंदिरात अनवाणी वावरावे लागत असल्याने गार फरशीतून पायांची उष्णता जाते. दर्शनानंतर कोरडे मोजे लगेच घालावेत. बसताना खाली चटई व तिच्यावर कांबळे घ्यावे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनासाठी कुश, मृगाजिन आणि वस्त्र असे एकावर एक थर सांगितले आहेत. त्यामागील भाव साधनेचा आहे, पण दगडी फरशीवर बसणाऱ्यास ही रचना किती सोयीची आहे, हे अनुभवाने कळते.

स्नान आणि ओले वस्त्र

कार्तिकात वढा येथे वर्धा-पैनगंगेच्या संगमावर आणि महाशिवरात्रीस वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे मोठ्या यात्रा भरतात. ठिकठिकाणच्या घाटांवर मकरसंक्रांतीचे स्नानही श्रद्धेने केले जाते. या प्रसंगी सर्वाधिक काळजी घ्यावी.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात एक आजी पहाटे नदीस्नान करून ओल्या लुगड्यानेच रांगेत उभ्या राहिल्या. ओलेत्याने दर्शन घेण्याचा त्यांचा नवस होता. बाहेर बोचरा वारा होता. प्रथम त्या कुडकुडत होत्या. पुढे कुडकुडणे थांबले, तेव्हा सोबतच्या मंडळींना वाटले की आजींना आता बरे वाटते आहे. प्रत्यक्षात त्यांची जीभ जड झाली होती आणि थोड्याच वेळात त्या खाली बसल्या. सेवेकऱ्यांनी त्यांना कार्यालयात आणले. आम्ही कोरडे कपडे नेसवून ब्लँकेटे पांघरली, पूर्ण शुद्ध आल्यावर गरम दूध दिले आणि दवाखान्यात पोहोचविले. श्रींच्या कृपेने त्या बऱ्या झाल्या.

त्या दिवसाने आम्हांस शिकविले ते असे. कुडकुडणे थांबून बोलणे अडखळू लागले, झोप येऊ लागली वा हालचाल मंदावली, तर तो आराम नसून धोक्याचा इशारा आहे. ओली वस्त्रे त्वरित काढावीत, अंग कोरडे करून डोक्यासह पांघरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातपाय जोराने चोळू नयेत, शेकोटीच्या अगदी जवळ बसवू नये. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने त्वचेकडे रक्त वाहते व शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते.

ओलेत्याचा नवस असलेल्या भाविकांना आमची हात जोडून विनंती आहे की, घाटावरच श्रींचे स्मरण करून नवस पूर्ण करावा व कोरड्या वस्त्रांनी रांगेत यावे. वृद्ध, बालके आणि मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी शक्यतो ऊन पडल्यावर स्नान करावे.

शेगडी व शेकोटीविषयी

हा कोळशाचा मुलूख असल्याने शेगडी पेटविणे येथे सहज घडते. परंतु बंद खोलीत जळत्या कोळशापासून निघणाऱ्या विषारी वायूला रंग वा वास नसतो आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो. भक्त निवासाच्या खोल्यांत शेगडी नेऊ नये. जंगलालगत शेकोटी पेटवू नये. कृत्रिम धाग्याचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात, याचेही भान ठेवावे.

दानशूर भाविकांस

वस्त्रदान करू इच्छिणाऱ्यांनी संख्येपेक्षा उपयुक्तता पाहावी. दहा पातळ चादरींपेक्षा चार चांगली लोकरी कांबळी अधिक कामास येतात. लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या आणि पायमोजे यांची उणीव नेहमी भासते. वापरलेले कपडे धुऊन, वाळवून, शक्यतो कार्तिक लागण्यापूर्वी कार्यालयात द्यावेत व पावती घ्यावी.

देवाच्या दारी कष्ट सोसावेत ही आपली परंपरा खरीच, पण घरी सुखरूप परतणे हाही यात्रेचाच भाग आहे. आपली यात्रा सुफळ संपूर्ण होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, संस्थान कार्यालय