काजव्यांचे फोटो आणि उघडताच मिटणारे लाइटरूम

मे अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत राजूरहून भंडारदरा, रतनवाडीकडे काजवे टिपायला गेलेल्याच्या कॅमेऱ्यात एका रात्रीत शंभरेक फ्रेम सहज जमतात. हिरड्या-सादड्यांवरचा तो लुकलुकाट एका फ्रेममध्ये मावत नाही. ट्रायपॉड न हलवता तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन एकावर एक चढवायच्या. कोणती ठेवली, कोणती वगळली, उजेड किती वाढवला, हे सगळे लाइटरूम क्लासिकच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेले असते. म्हणून नवी आवृत्ती टाकल्यावर सॉफ्टवेअर उघडताच बंद होऊ लागले की पोटात गोळा येतो. पण मूळ फोटो कॅटलॉगच्या आत नसतातच. ते हार्ड डिस्कवर जिथे ठेवले तिथेच असतात.

तेव्हा पहिले काम दुरुस्तीचे नाही, नकलेचे. कॅटलॉगचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नुसती .lrcat फाइल उचलू नका, शेजारचे .lrcat-data सुद्धा हवे, मास्कची माहिती त्यात असते. नावाच्या शेवटी wal असलेली फाइल दिसली तर तिला हात लावू नका, शेवटच्या क्षणाचे काम तिच्यात अडकलेले असू शकते. शेवटी lock लिहिलेली फाइल मात्र, लाइटरूम चालू नाही याची खात्री करून, काढायला हरकत नाही. पावसाची चिन्हे असतील तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसा. कॉपी अर्धवट राहायला नको.

आता एका वेळी एकच बदल करायचा आणि दर वेळी उघडून बघायचे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमके काय बिघडले होते ते कधीच कळत नाही.

आधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. मग विंडोजवर आल्ट आणि शिफ्ट दाबून ठेवूनच लाइटरूम सुरू करा. जुन्या सेटिंग पुसायच्या का, असे विचारले जाईल, हो म्हणा. फोटोंवरचे काम यात जात नाही, फक्त पसंतीच्या सेटिंग पुन्हा लावाव्या लागतात. आवृत्ती बदलल्यावर होणारा त्रास पुष्कळदा इथेच थांबतो.

नाही थांबला तर कंट्रोल दाबून लाइटरूम उघडा आणि एक नवा, रिकामा कॅटलॉग बनवा. ही परीक्षा सर्वांत मोलाची आहे, आणि लोक नेमकी हीच टाळतात. रिकामा कॅटलॉग नीट चालला तर दोष तुमच्या कॅटलॉगमध्ये किंवा त्याच्या प्रीव्ह्यूमध्ये आहे. कॅटलॉग निवडायच्या त्याच खिडकीत तपासणीचा पर्याय असतो, त्यावर खूण करून तुमचा कॅटलॉग उघडा. तरीही बंद पडला तर Previews.lrdata या फोल्डरचे नाव बदला; पुसू नका. प्रीव्ह्यू पुन्हा तयार होतात, वेळ मात्र जातो.

रिकामा कॅटलॉगही कोसळत असेल तर ग्राफिक्स कार्डाकडे वळा. प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर बंद करा. त्याने काम सुरळीत झाले तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या आणि तो पर्याय पुन्हा चालू करून पाहा. बाहेरून घातलेले प्लग-इनही एकेक करून बंद करून बघा.

एवढे करूनही जमले नाही तर क्रिएटिव्ह क्लाउडमधून मागची आवृत्ती टाका. नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेला कॅटलॉग जुनीत उघडत नाही, पण रूपांतर करताना लाइटरूम तुमचा आधीचा कॅटलॉग तसाच ठेवते. तो उघडा. त्यानंतर केलेले काम त्यात नसेल, तेवढे पुन्हा करावे लागेल.

आणि एक विनंती. काजव्यांचा हंगाम संपून निवडलेले फोटो ज्याचे त्याला पोचेपर्यंत नवी आवृत्ती टाकू नका.