दुखतंय ते सांग गं

अगं, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं, मेडिकलही पार पडलं, आणि आता खडकवासल्याची बॅग उघडी टाकून तू रडत बसलीस, असं काकू म्हणाल्या. रड थोडं, काही बिघडत नाही. मग डोळे पूस आणि माझं ऐक.

आधी पायांचं बोलू. एन.डी.ए.त धावणं, ड्रिल, पाठीवर पिट्टू घेऊन चालणं याचा भार सगळ्यांवरच पडतो. पण लष्करी प्रशिक्षणात नडगीच्या नाहीतर पावलाच्या हाडाला बारीक तडा जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त आढळतं. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला नुसतं ठणकतं, रात्री बरं वाटतं, सकाळी धावताना पुन्हा तिथेच कळ येते. बघ, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. माझ्या प्रशिक्षणात शेजारच्या खोलीतली मुलगी गोळ्या खाऊन धावत राहिली. ‘मुलगी म्हणून कुरकुरते’ असं कुणी म्हणू नये, एवढंच तिच्या डोक्यात. शिवाय खूप दिवस बुडाले तर रेलिगेट होऊ, म्हणजे एक टर्म मागे पडू, ही धास्ती. खरं सांगू का, वेळीच विश्रांती घेतली असती तर लवकर भागलं असतं, तिथे तिचे कितीतरी महिने गेले.

आणि पोटभर जेव गं! बारीक राहायचं खूळ घरीच ठेव. एवढी मेहनत आणि खाणं तोकडं, असं झालं की पाळी लांबते, कधी बंदच होते. मुलींना वाटतं, बरं झालं, कटकट गेली. पण त्याचबरोबर हाडं कमजोर होत असतात. म्हणून पाळी चुकली तर तेही डॉक्टरला सांगायचं, लाजायचं नाही. जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या गोळ्या घे, आणि हळिवाचे लाडू, नाचणी, वर लिंबू पिळलेली पालेभाजी सुरू कर. पॅड नेहमीच्याच कंपनीचे, दोन-तीन महिने पुरतील एवढे ने. नवीन बूट मिळाले की जाड मोजे घालून संध्याकाळी खोलीतच थोडं चाल, म्हणजे फोड कमी येतील.

‘मला झेपेल का?’ हा प्रश्न तुझ्या आधीच्या मुलींनाही पडला असणारच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना एन.डी.ए.च्या परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, आणि २०२२ मध्ये पहिल्या एकोणीस जणी दाखल झाल्या. त्यांना विचारायला पुढे एकही मुलगी नव्हती. तरी ३० मे २०२५ ला खेत्रपाल मैदानावरच्या दीक्षान्त संचलनात सतरा जणी मुलांच्या बरोबरीने चालल्या. मला फार अभिमान आहे त्यांचा. तुला तर आता सीनियर मुली आहेत. त्या पहिल्या टर्मला रगडा देतील, ओरडतील, पण मोजे कुठे वाळत घालायचे ते त्याच सांगतील. विचार त्यांना.

उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारे, ओरडले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ड्रिल स्क्वेअरवर सगळ्यांवरच ओरडतात. मात्र कुणी ओरडण्याच्या पलीकडे गेलं, अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, तर तो रगडा नव्हे. तुझ्या डिव्हिजनल ऑफिसरला त्याच दिवशी सांग, आणि लगेच मलाही कळव.

लग्नाचं काय, म्हणून आत्या विचारतायत म्हणे. त्यांना माझ्याकडे पाठव.

आणि हो, तुला अजून पोहता येत नाही ना? तिथे पोहणं सगळ्यांना शिकावंच लागतं, आणि थकलेल्या अंगाने पाण्याची भीती घालवणं जड जातं. उद्या सकाळपासून तलावावर जायला लाग. फीचं मी काकूंशी बोलते.