फोटो कापा, पण ठिपके मोजून

आज मी तुम्हांला मोबाईलमधला फोटो कापून कागदावर कसा काढून घ्यायचा याची माहिती सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचे? बोटाने कडा ओढली की झाले. पण आमच्या आबांच्या फोटोपायी आईला दोनदा तालुक्याला जावे लागले. त्या वेळी जे कळले ते सांगते. थोडे गुरुजींनी सांगितले, थोडे फोटोवाल्या काकांनी.

आधी ठिपक्यांचे सांगते. दिवाळीत आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. मोबाईलमधला फोटोसुद्धा ठिपक्यांचाच असतो. फक्त त्यात रेघा नसतात. ठिपक्याला ठिपका चिकटून असतो आणि एका ठिपक्यात एकच रंग असतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. फोटो बोटांनी खूप मोठा करा, मग चौकटीच्या वहीसारखे चौकोन दिसतील.

१९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो पहिल्यांदा संगणकात घातला. त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ एवढेच ठिपके होते. गुणाकार करून बघा, ३०,९७६ येतात. पुढे १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मचा रोल न लागणारा कॅमेरा बनवला. त्याच्या फोटोत फक्त १०,००० ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. एवढा वेळ आमच्या वर्गात कोणी हलल्याशिवाय बसेल असे मला वाटत नाही.

माझ्या मामाच्या मोबाईलने काढलेल्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात. गुणाकार १,२०,००,०००. दहा लाख ठिपक्यांना एक मेगापिक्सेल म्हणतात, म्हणून हा फोटो १२ मेगापिक्सेलचा. मोबाईलच्या खोक्यावर मात्र ४८ लिहिले आहे. गुरुजी म्हणाले, तो मोबाईल चार चार ठिपके एकत्र करून एक ठिपका बनवतो. ४८ भागिले ४, बरोबर १२.

आता कापण्याकडे वळू. चौकटीच्या वहीत ८ आडव्या आणि ८ उभ्या घरांचा चौकोन काढा. एकूण घरे ६४. आता रुंदी निम्मी करा आणि उंचीही निम्मी करा. पुष्कळ जणांना वाटते की निम्मी घरे उरतील. पण ४ गुणिले ४ म्हणजे १६ च उरतात. म्हणजे पावच! फोटोचेही तसेच होते. कापलेले ठिपके जातात ते जातात. उरलेला तुकडा ताणून मोठा केला तर संगणक मध्ये मध्ये अंदाजाने रंग भरतो. त्याला आबांच्या मिशा कशा होत्या हे काय ठाऊक?

आमचे आबा मागच्या वर्षी वारले. त्यांना फोटो काढून घ्यायला आवडायचे नाही. कार्डावरचा एक फोटो आहे, पण तो आबांचा आहे हे सांगावे लागते. चांगला फोटो एकच, मावशीच्या लग्नातला. त्यात सगळे वऱ्हाड उभे आहे आणि आबा डाव्या बाजूला फेटा बांधून हसत आहेत. आजी म्हणाली, “मला तेवढे माझे माणूस काढून द्या. भिंतीवर मोठ्ठा लावायचा.”

आईच्या मोबाईलवर तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला होता. तिने आबांचा चेहरा बोटांनी मोठा केला, स्क्रीनशॉट काढला आणि दुकानात ८ गुणिले १० इंचाचा फोटो करायला दिला. फोटो आला तर आबा धुक्यात उभे असल्यासारखे दिसत होते. आजीने फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, “डोळेच नाहीत गं यांना.” मग तो ट्रंकेत ठेवून दिला.

असे का झाले ते गुरुजींनी फळ्यावर लिहून दाखवले. मामाचा मूळ फोटो ४००० आडवा. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवताना तो लहान केला, म्हणून आईकडे आला तेव्हा १६०० च आडवा होता. त्यात आबांचा भाग ३२० आडवा आणि ४०० उभा. आणि गंमत अशी की आईने काढलेला स्क्रीनशॉट १०८० आडवा दिसत होता! म्हणजे ठिपके वाढले का? नाही वाढले. मोबाईलच्या काचेवर आडवे १०८० ठिपके आहेत म्हणून तेवढा आकडा आला. आबांची खरी माहिती ३२० ठिपक्यांचीच. दुधात पाणी घातले तर तांब्या भरतो, तसेच हे. स्क्रीनशॉट काढून फोटो कापायची सवय आमच्या आळीत सगळ्यांना आहे. मला ती वाईट वाटते.

मग मामाला फोन केला. मी म्हणाले, “मामा, तुझ्याकडचा मूळ फोटो पाठव, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.” डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ठिपके कमी होत नाहीत, जसाच्या तसा येतो. मामाने लगेच पाठवला. उघडून माहिती पाहिली तर ४००० गुणिले ३०००. आजीलाही दाखवला, तर तिला मागच्या रांगेतली तिची चुलत जाऊसुद्धा ओळखू आली!

शाळेच्या संगणकावर गिंप नावाची सोय आहे. ती फुकट मिळते. गुरुजींनी आधी मूळ फोटोची एक प्रत करून ठेवली. मुळाला हात लावायचा नाही, असे ते नेहमी सांगतात. मग कापायचे हत्यार घेऊन ४ ला ५ असे प्रमाण ठरवले आणि आबांचा फेटा व छाती येईल एवढा चौकोन आखला. कोपऱ्यात आकडे दिसत होते, ८०० गुणिले १०००. आधीच्या ३२० च्या अडीचपट! तिथे ‘स्केल’ म्हणून दुसरे एक काम असते. त्याने ठिपक्यांची संख्याच बदलते. त्याला आम्ही हात लावला नाही.

शेवटी फोटो बाहेर काढायचा, त्याला एक्स्पोर्ट म्हणतात. जेपेग निवडले की गुणवत्तेची पट्टी येते. ती खाली ओढली तर फाईल लहान होते, पण चेहऱ्यावर डाग डाग येतात. आम्ही ती १०० वर नेली. मोबाईलमधल्या काही सोयी लहान, मध्यम की पूर्ण आकार असे विचारतात. तिथे पूर्ण घ्यायचा. एकच जेपेग फोटो पुन्हा पुन्हा उघडून, बदलून जतन करू नये, दर वेळी थोडा खराब होतो. फॉर्मला छोटा फोटो मागतात तेव्हा वेगळी प्रत लहान करावी.

पेनड्राईव्ह घेऊन मी आणि आई काकांकडे गेलो. काका म्हणाले, “इंचाला ३०० ठिपके असले तर उत्तम. २०० असले तरी हातात धरून चांगला दिसतो.” मी तिथेच भागाकार केला. ८०० भागिले २०० म्हणजे ४ इंच. १००० भागिले २०० म्हणजे ५ इंच. आजीला हवा होता ८ गुणिले १० चा, पण त्यात इंचाला १०० च ठिपके आले असते. काका म्हणाले, लांबून बरा दिसेल, जवळून नाही. आईने आजीला फोन लावला. आजी जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “लहान चालेल. मला डोळे दिसले पाहिजेत.”

काकांनी ४ गुणिले ५ चा फोटो काढला आणि मोठ्या चौकटीत, भोवती पांढरा कागद घालून बसवला. आबांच्या मिशीचे केस वेगवेगळे दिसतात. आजी रोज पदराने काच पुसते.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्या वर्गाचा फोटो ६ गुणिले ४ इंचात काढायला दिला तर मोबाईलच्या फोटोचा वरचा किंवा खालचा भाग दुकानात कापला जातो, कारण फोटोचे प्रमाण ४ ला ३ आहे आणि कागदाचे ३ ला २. ३००० पैकी सुमारे ३३३ ओळी जातात. मागच्या ओळीतल्या उंच मुलांनी हे लक्षात ठेवा. फोटो काढतानाच वर-खाली मोकळी जागा ठेवायला सांगा.

आता तुमच्यासाठी गणित. पंधरा ऑगस्टच्या फोटोतून झेंड्याजवळची मुले कापली, तेव्हा १५०० आडवे आणि १००० उभे ठिपके उरले. इंचाला २५० ठिपके हवे असतील तर फोटो किती इंच आडवा आणि किती इंच उभा काढता येईल? कागदावर उत्तर लिहून या भित्तिपत्रकाखालच्या पिशवीत टाका. पालकांनी टाकले तरी चालेल.

— इयत्ता ४ थी