कोपऱ्यात बसलेले पोर

गंगावेशीत जाऊन डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिणे हा कोल्हापुरातल्या कितीतरी आजोबांचा नेम. कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनने, हात थरथरू लागले तरी तो चुकत नाही. मग एके दिवशी नोट दिल्यावर परत आलेले पैसे तळहातावर घेऊन आजोबा नुसते बघत राहतात. हिशेब लागत नाही. पुढे रात्री खोलीच्या कोपऱ्यात एक पोर बसलेले दिसते. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला.

हा चळ नव्हे, आजाराचाच भाग आहे. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूच्या पेशींत साचतात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या 'लेवी बॉडीज'. त्या पसरल्या की अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन तुटपुंजे होते. आधी ढळते लक्ष आणि कामाचा क्रम. विसरलेले नाव मात्र पहिले अक्षर सांगितले की बऱ्याचदा आठवते. सिडनीतल्या दीर्घ अभ्यासात आजारासह वीस वर्षे काढलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे बुद्धिभ्रंश, आढळला होता. अलीकडचे आकडे याहून बरेच दिलासा देणारे आहेत.

गोंधळ दोन-चार दिवसांतच उसळला असेल, तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले कमी झालेले पाणी आणि बद्धकोष्ठ तपासावे. मग गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओतावी. थरथरीची ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्या नेमके अ‍ॅसिटिलकोलीनच अडवतात. पण मनाने काही बंद करू नये. पार्किन्सनची मुख्य गोळी लेवोडोपा एकदम थांबवली तर अंग ताठरून ताप चढतो, जिवावर बेतू शकते.

डिमेन्शियाच असेल तर रिव्हास्टिग्मिन देतात. २००४ मध्ये ५४१ रुग्णांवरच्या चाचणीत तिचा फायदा दिसला. माफक, पण खरा. मळमळ झाली तर कातडीवर लावायची पट्टी मिळते. आजार मात्र थांबत नाही. भास फारच छळू लागले, तर डॉक्टर क्वेटियापिन किंवा रक्त तपासत क्लोझापिन देतात. भासांवरच्याच हॅलोपेरिडॉल या औषधाने मात्र अंग आणखी ताठरते, म्हणून दवाखाना कुठलाही असो, 'यांना पार्किन्सन आहे' हे आधी सांगावेच.

आजोबांना पोर दिसते तेव्हा वाद घालू नये. दिवा लावावा, खुंटीवरचा कोट काढून ठेवावा. कितीदा तोच पोर झालेला असतो. गंगावेशीचा नेमही मोडू नये. नातवाने सोबत जावे, पेला आजोबांच्या हाती द्यावा आणि पैसे आपण मोजून घ्यावेत.