संगणकाच्या पटावर राहिलेली नावे

गेल्या पावसाळ्यात भामरागड तालुक्यातील एका शाळेतून शिक्षकमित्राचा दूरध्वनी आला. शाळेतील एकुलता एक संगणक सुरू केला, की पडद्यावर चौकट येई : ‘अमुक जागेची स्क्रिप्ट फाइल सापडत नाही.’ चौकट बंद केली, की पुढचे काम सुरळीत चाले. पण कोणा जाणकाराने सल्ला दिला होता, की सारे पुसून विंडोज नव्याने भरा. तसे केले असते तर मुलांनी दोन वर्षे रोज लिहिलेल्या पर्जन्यमापनाच्या नोंदीही गेल्या असत्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती. पर्लकोटेला पूर आल्याने रस्ता बंद होता. तेव्हा दूरध्वनीवरूनच दोष शोधायचे आम्ही ठरवले.

त्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते ते पाहू. बटण दाबताच मुख्य पाटीवरील चिपमध्ये साठवलेली छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती स्मृती, कळफलक इत्यादी भाग तपासते आणि डिस्कवरील विंडोज स्मृतीत आणण्याची व्यवस्था करते. आपण आत प्रवेश केला, की विंडोज एक यादी वाचते. ‘मला रोज आपोआप सुरू करा’ असे ज्या ज्या प्रोग्रॅमने सांगून ठेवले असेल, त्याचे नाव आणि त्याच्या फाइलचा पत्ता या यादीत असतो. डॉसच्या काळी असे काम ‘ऑटोएक्झेक’ नावाच्या साध्या फाइलीत लिहीत. वयाने मोठ्या शिक्षकांना ती आठवत असेल. 1995 च्या विंडोजपासून ही यादी मुख्यतः रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत असते. शिवाय ‘स्टार्टअप’ नावाचे एक फोल्डरही असते.

आता अशी कल्पना करा, की एक मुलगा दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेला. पण हजेरीपटावरील त्याचे नाव कोणी कमी केले नाही. गुरुजी रोज ते नाव पुकारणार आणि उत्तर येणार नाही. संगणकात नेमके हेच होते. प्रोग्रॅम गेला, तरी यादीतील नोंद राहू शकते.

आमच्या संगणकात गेलेला पाहुणा होता पेन ड्राइव्हमधून आलेला विषाणू. प्रतिविषाणू प्रोग्रॅमने त्याची फाइल नष्ट केली. नोंद मात्र राहिली. त्या नोंदीचे दोन भाग होते. पहिला भाग ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’, म्हणजे स्क्रिप्ट वाचून दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम. दुसरा, वाचायच्या फाइलचा पत्ता. वाचणारा हजर, पुस्तक गायब! पडद्यावरची तक्रार तोच करीत होता.

येथे एक धोका आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या स्टार्टअप विभागात ही नोंद मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट होस्टच्या नावाने दिसते. ते निर्दोष आहे म्हणून सोडून देणे चूक, आणि तेच दोषी समजून मूळ प्रोग्रॅम पुसणे ही त्याहून मोठी चूक. स्तंभांच्या शीर्षकावर उजवी कळ दाबून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ दाखवावा, म्हणजे पुढचा पत्ता वाचता येतो. त्या जागी फाइल खरोखर नाही ना, हे पाहावे.

खात्री झाली, की नोंद प्रथम ‘डिसेबल’ करावी. यात नाव खोडले जात नाही, फक्त पुकारले जात नाही. चूक झाली तर परत फिरता येते. चार दिवस काही बिघडले नाही, तर ‘रेगेडिट’ उघडून करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन असे आत शिरावे. ‘रन’ची प्रत ‘एक्स्पोर्ट’ने जपून ठेवावी आणि तेवढी एकच ओळ काढावी. तेथे नसेल तर लोकल मशीनखालच्या तशाच मार्गाने पाहावे. शेजारच्या ओळींना हात लावू नये. त्याआधी सर्व पेन ड्राइव्ह तपासून घ्यावेत, नाहीतर नाव पुन्हा पटावर चढते.

कधीकधी यादीत नुसते ‘प्रोग्रॅम’ एवढेच नाव दिसते. पत्त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे दोन शब्द असतात. भोवती अवतरणचिन्हे नसतील आणि फाइलही नसेल, तर विंडोज मोकळ्या जागेशी थांबते आणि पहिलाच शब्द नाव समजते.

अशा मृत नोंदींनी संगणक मंद होतो, हा समज मात्र बरोबर नाही. नसलेली फाइल शोधण्यास नगण्य वेळ लागतो. स्मृती अडवतात ते यादीतील जिवंत प्रोग्रॅम. मृत नोंद काढायची ती दुसऱ्या कारणासाठी. उद्या त्याच पत्त्यावर त्याच नावाची दुसरी फाइल कोणी आणून ठेवली, तर ती न विचारता सुरू होईल.

त्या शाळेत नोंद काढण्यापूर्वी मुलांनी पावसाच्या आकड्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुसरी वहीत उतरवली. पाचव्या दिवशी संगणक सुरू झाला तेव्हा चौकट आली नाही.